पाण्याला चालणारा कॅमेरा

नाशिकच्या आसपास नुसती गुहा म्हणून नसतेच. प्रत्येक गुहा कुठेतरी ‘निघते’. गावात कुणालाही विचारा. ही थेट त्र्यंबकला निघते, ती गडाच्या पायथ्याशी, तिसरी नदीच्या पलीकडे. कुणाच्या तरी आज्याने आत शेळी सोडलेली असते आणि ती शेळी चार दिवसांनी पलीकडच्या गावात चरताना सापडलेली असते. एवढ्या शेळ्या डोंगरांच्या पोटातून गेल्या असतील, तर आतापर्यंत त्यांची पायवाट पडायला हवी, असं मी म्हणायचे आणि सगळ्यांना हसवायचे. पेठच्या बाजूच्या एका पाड्यावर गेले तोपर्यंत.

नव्वदीच्या मध्याची गोष्ट. मी तेव्हा कारकुनी करत होते आणि रविवार आला की डोंगर गाठत होते. बरोबर धाकटा भाऊ असे. तो एका फोटो स्टुडिओत कामाला होता, लग्नांचे फोटो काढून काढून कंटाळलेला. आणि असत आमचे सर, शाळेत भूगोल शिकवणारे. ते आमचे पुढारी. वाटेत दिसलेल्या प्रत्येक दगडावर त्यांचं काहीतरी म्हणणं असायचं. आपला दगड थराथरांचा, त्यात लांबलचक गुहा होतच नाहीत, पाच-पन्नास पावलांत भिंत लागते, हे त्यांनी आम्हाला इतक्यांदा सांगितलं होतं की भाऊ त्यांच्या आधी ते वाक्य पुरं करायचा. मी अंगाने काटकुळी. म्हणून अरुंद जागा आली की सगळे माझ्याकडे बघत. आईचं मत वेगळं होतं. लग्नाच्या वयात बिळं उकरत हिंडते, असं ती शेजारणींना सांगायची.

पाड्यावरची गुहा म्हणजे पाण्याची गुहा होती. उन्हाळ्यात विहिरी आटल्या की बायका तिच्यात शिरून पाणी भरत. तोंडाशी माणूस वाकून जाईल एवढी उंची, आत गेल्यावर छत खाली उतरत जाई आणि शेवटी दगड पाण्याला टेकलेला. चैत्र-वैशाखात पाणी जसं आत सरके, तसा हंडा घेऊन शेवटपर्यंत जाणं मोठ्या बाईला जमत नसे. मग बारीक पोरींना कळशी देऊन पुढे सरपटायला लावत. त्यात काही क्रूरपणा नव्हता, तिथली ती पद्धत होती.

आम्ही तोंडाशी सामान उतरवत होतो तेव्हा एक बाई येऊन उभी राहिली. चाळिशीच्या आतलीच असेल. ती पाड्यावरची बोली बोलणारी, पण आम्हाला कळावं म्हणून शब्द निवडून बोलत होती.

“तुमी आत जानार का?”

सर हो म्हणाले.

“माझी पोर आत गेली. मागल्या उन्हाळ्यात. पान्याला गेली ती भायेर आली नाय.”

ती रडवेली वगैरे नव्हती. एखादी चौकशी करावी तशी बोलत होती. माणसांनी दोर लावून, बांबू घालून शोधलं, काही लागलं नाही. पाड्यावरच्या लोकांनी दिवस घालायचं ठरवलं, तर हिने नाही म्हणून सांगितलं. बायका रडायला दारात आल्या, त्यांना हिने परत पाठवलं. जितं माणूस असताना त्याच्या नावानं रडलं तर त्याचं आयुष्य सरतं, असं तिचं म्हणणं.

“मेली आसती तर पावसाळ्यात वर आली आसती,” ती म्हणाली. “पाऊस झाला तवा गुहा भरून वाहिली. पाला आला, काटक्या आल्या, येक मेलेला साप आला. ती नाय आली. मंजी ती फुडं गेली. ही गुहा त्रिंबकला निगते.”

सरांनी तोंड उघडलं. मी त्यांच्या पायावर पाय दिला. त्यांच्याकडे डोळे वटारून बघितलेलं मला अजून आठवतं, कारण इतक्या वर्षांत तेवढं एकदाच त्यांनी माझं ऐकलं.

मी आत गेले. पोटावर सरपटत दगड पाण्याला टेकतो तिथवर. पावसाने गाळ आणून दगडाखालची फट जवळजवळ बुजवली होती. माणूस जाणं शक्यच नव्हतं, जेमतेम हात जात होता. मी दगडाच्या कडेखालून हात घातला, खांद्यापर्यंत. हात वर वळवला. आणि माझी बोटं पलीकडे पाण्याबाहेर आली. गार, मोकळी हवा बोटांना लागली. मी घाबरून हात ओढून घेतला.

बाहेर येऊन मी फक्त एवढंच सांगितलं की पलीकडे पोकळी आहे. केवढी आहे ते कळत नाही. त्या बाईने माझा ओला हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि ती तो बघत राहिली. मग तिचं लक्ष भावाच्या गळ्यातल्या कॅमेऱ्याकडे गेलं.

“भाऊ, तुमची ही पेटी तितं घातली तर हिला दिसंल का? फुडं वाट हाय का ते?”

अशी आमच्या कॅमेऱ्याची गोष्ट सुरू झाली.

तोपर्यंत गुहांचे फोटो काढायचे म्हणजे भावाचा जड कॅमेरा प्लास्टिकच्या पिशवीत घालून, वर रबरबँड लावून न्यायचा, एवढंच आम्हाला माहीत होतं. इथे ते उपयोगाचं नव्हतं. कॅमेरा हातभर पाण्याखालून जायला हवा, एका हातात मावायला हवा, न बघता नुसत्या बोटाने चालायला हवा, दगडावर आपटला तरी फुटायला नको आणि पलीकडे काळोखात त्याचा फ्लॅश पडायला हवा. भाऊ आठवडाभर पानं चाळत होता, दुकानं पालथी घालत होता. एक कॅमेरा पाण्यातला होता पण त्याला फ्लॅश नव्हता. एकाला फ्लॅश होता पण तो विटेएवढा. शेवटी मेन रोडवरच्या एका दुकानात पिवळ्या रबराच्या अंगरख्यातला, साबणाच्या वडीसारखा गोलसर कॅमेरा मिळाला. पावसात, चिखलात, बर्फात, कुठेही न्या, असं त्याच्या खोक्यावरचं चित्रच सांगत होतं.

“पाण्याला चालतो ना?” भावाने विचारलं.

“बिनधास्त. पाण्याला चालतो,” दुकानदार म्हणाला.

भावाने घरी आणून तो मोरीतल्या नळाखाली धरला. कॅमेऱ्याला काही झालं नाही. सरांनीही पाहिला, मान डोलावली. तिघांपैकी एकाच्याही लक्षात आलं नाही की पाण्याला चालणं वेगळं आणि पाण्यात चालणं वेगळं. घोंगडी पाण्याला चालते, म्हणून ती घालून कुणी विहिरीत उडी मारत नाही. दुकानदार खोटं बोलला नव्हता. त्याने भावाचाच शब्द परत केला होता. आपल्या भाषेतला एक प्रत्यय आम्हाला पुढे इतकी वर्षं नडणार आहे, हे त्या दुपारी मोरीत उभं राहून कसं कळावं?

पुढच्या रविवारी मी पुन्हा तिथे सरपटत गेले. कॅमेरा हातात, हात दगडाखाली. पलीकडे हवा लागली तेव्हा बटण दाबलं. दगडाला टेकलेल्या पाण्यात थोडासा तरी उजेड यायला हवा होता, तो आला नाही. हात बाहेर काढला तर कॅमेऱ्याच्या काचेमागे पाणी हलत होतं.

रोल मात्र वाचला होता. भावाने स्टुडिओत तो धुतला. फ्लॅश पडलाच नव्हता, त्यामुळे त्या फोटोत काहीही नव्हतं. असा फोटो कुणी छापत नाही. पण मावशीने, आम्ही तिला एव्हाना मावशी म्हणायला लागलो होतो, काय येईल ते मला दाखवा असं बजावलं होतं. म्हणून भावाने तो छापला. पोस्टकार्डाएवढा काळाकुट्ट कागद.

तिने तो हातात घेतला, उन्हात धरला, तिरका करून पाहिला. भावाने समजावून सांगितलं, मावशी, उजेडच पडला नाही, कॅमेऱ्यात पाणी गेलं, हा फोटो वाया गेलेला आहे. सरांनीही सांगितलं. ती ऐकून घेत होती.

“भित आसती तर भित दिसली आसती,” ती म्हणाली. “काळं हाय मंजी मोकळं हाय. वाट हाय.”

आणि तिने तो कागद पदराखाली घेतला. तिच्या तोंडावर जो आनंद होता तो मी फार थोड्या माणसांच्या तोंडावर पाहिलाय. मला रडू आलं, आणि रडू आल्याचा रागही आला.

त्यानंतर ती दर पौषात त्र्यंबकच्या जत्रेला जाऊ लागली. लेक पलीकडे निघाली असेल, कुणीतरी तिला सांभाळली असेल, भीतीने तिची वाचा गेली असेल, पण जत्रेला ती येणारच, असा तिचा हिशेब. एका वर्षी मी तिला तिथे पाहिलं. दर्शनाच्या रांगेत ती नव्हती. बांगड्यांच्या दुकानापाशी उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्या मुलींची तोंडं बघत होती. आधी बारा-तेरा वर्षांच्या पोरी बघायची. पुढे परकर गेले, साड्या आल्या. मग कडेवर मूल असलेल्या बायांकडेही बघू लागली. लेकीचं वय तिने कधी थांबू दिलं नाही.

मधे बरीच वर्षं गेली. माझं लग्न झालं, सरांचे गुडघे गेले, भावाने स्वतःचा स्टुडिओ काढला. रोल संपून डिजिटलचे दिवस आले. आणि एका सकाळी मावशी भावाच्या स्टुडिओत येऊन बसली. बरोबर तिचा मुलगा होता, त्या मुलीचा धाकटा भाऊ, आता बापाएवढा झालेला. भावाने मला फोन करून बोलावून घेतलं.

काळा फोटो तिच्याजवळ होता. कडा मऊ पडल्या होत्या, मधोमध घडीची पांढरी रेघ उमटली होती.

“औंदा जत्रंत निस्ती बसून ऱ्हायले, बाई,” ती मला म्हणाली. “पाय उचलत नाय. मी गेल्यावं तिला कोन बगनार? ह्याला म्हनते, तू जात जा. ह्यो म्हनतो, वाट हाय ते दाव, मग जनमभर जाईन.”

मुलगा खाली मान घालून उभा होता. तो उद्धट नव्हता. आईच्या आशेचं ओझं जन्मभर वाहायचं तर ते खरं असावं, एवढंच त्याचं मागणं होतं.

“चांगला आना आता,” ती भावाला म्हणाली. “मागल्यावानी नको. उजेड पडंल आसा आना.”

ती गेल्यावर मी भावावर तुटून पडले. आणायचाच नाही, मिळत नाही म्हणून सांग, असं म्हणाले. संध्याकाळी सरांकडे गेलो तेव्हा त्यांच्याशीही भांडले. मला माहीत होतं पलीकडे काय असणार. सरांनाही माहीत होतं. पाच-पन्नास पावलांत भिंत. एका बाईकडे उरलेली एकुलती एक गोष्ट कॅमेरा विकत आणून काढून घ्यायची, याला काय म्हणायचं?

“तुमचा दगड तुमच्यापाशी ठेवा,” मी सरांना म्हणाले.

सर म्हणाले, “अगं, ती विचारतेय. त्या पोरीची आई ती आहे, आपण नाही.”



या वेळी कॅमेरा निवडायला आम्हाला महिने लागले. भावाच्या ओळखीतले जुन्या नाशकातले एक चाचा, त्यांचा मुलगा दुबईला होता. तो येताना आणणार होता. फोनवर भावाने त्याला एकच प्रश्न चार वेळा विचारला. पाण्याला नको, पाण्यात. पाण्यात बुडवून ठेवला तर? चाचा वैतागून म्हणाले, “बेटा, कॅमेरा ले रहा है या मगरमच्छ?” आम्ही हसलो. बऱ्याच दिवसांनी हसलो होतो.

आला तो हातात मावणारा, धातूच्या अंगाचा. बॅटरीच्या झाकणाला आतून रबरी कड होती. तिच्यावर एक केस जरी राहिला तरी पाणी आत जातं, असं पुस्तिकेत लिहिलेलं. भावाने ती कड चष्म्याच्या फडक्याने पुसली आणि कॅमेरा रात्रभर घरामागच्या हौदात सोडून दिला. सकाळी शेजारच्या काकूंनी डोकावून विचारलं, फोटो धुवायला घातलेत का? कॅमेरा चालू होता. मग भावाने तो वेलीच्या मांडवाच्या खांबावर आपटला, वाळूत घोळला, डोळे मिटून बोटाने बटण शोधायचा सराव केला आणि मलाही करायला लावला. काळोख्या खोलीत कपाटाच्या फटीत हात घालून मी फोटो काढत होते. मागची भिंत स्वच्छ दिसत होती. पोपडा आलेला रंगसुद्धा दिसत होता. कॅमेरा चांगला होता. त्यात काहीच खोट निघत नव्हती.

वैशाखात गेलो. सर बसमधून उतरून पाड्याखालीच थांबले, चढ त्यांना झेपत नव्हता. पाण्यात कुणी उतरलं की गाळ उठतो, तो कॅमेऱ्याच्या काचेवर बसला की फ्लॅशच्या उजेडात नुसते पांढरे ठिपके येतात, म्हणून त्या दिवशी बायकांनी सकाळचं पाणी भरायचं थांबवलं. उन्हाळ्यातलं पाणी थांबवणं म्हणजे काय, ते तिथल्या माणसांनाच माहीत. कुणी कुरकुर केली नाही. रिकामे हंडे घेऊन सगळ्या आपापल्या दारांत बसून होत्या.

मी आत गेले. वयाने अंग भरलं होतं, पाठ दगडाला घासत होती. कड तीच. हात घातला, वळवला, बोटांना तीच गार हवा लागली. बटण दाबलं. या वेळी दगडाखालचं पाणी आतून क्षणभर हिरवं उजळलं. आणखी दोनदा दाबलं, हात जरा डावीकडे, जरा उजवीकडे करून. तिथेच पडल्या पडल्या फोटो बघता आला असता. मी बघितला नाही. पहिल्यांदा बघायचा हक्क माझा नव्हता.

मावशी गुहेच्या तोंडाशी बसली होती, मुलगा मागे उभा. भावाने तिच्या डोक्यावर आपला टॉवेल धरून सावली केली, म्हणजे पडदा नीट दिसेल. मी बटण दाबलं.

भिंत होती. तपकिरी, ओली, झिरपत्या पाण्याने चकाकणारी. वरून खाली उतरलेली एक सलग भिंत, तिच्या एका भेगेतून आलेलं कुठल्याशा झाडाचं मूळ आणि खाली गाळ. डावीकडच्या फोटोत भिंत. उजवीकडच्यातही भिंत. इतका स्वच्छ फोटो भावाने लग्नातसुद्धा कधी काढला नसेल.

ती पाहत राहिली. मी तिला काहीच समजावून सांगितलं नाही, सांगायची गरज नव्हती. तिने बोटाने पडद्यावरची भिंत वरपासून खालपर्यंत चाचपली.

“केवढी जागा हाय ही?” तिने विचारलं.

मी दोन्ही हात पसरून दाखवलं. धान्याची कणगी असते तेवढी.

“तेवड्यात मावंल ती,” ती म्हणाली. “बारीकच व्हती.”

मुलगा खाली बसला आणि त्याने तोंड गुडघ्यात घातलं. मावशी रडली नाही. तिने कॅमेरा माझ्या हातात परत दिला, पदर डोक्यावरून घेतला, तोंडासमोरचे केस मागे सारले. मग इकडेतिकडे बघितलं, कुणाला तरी कामाला धाडायचं असावं तसं, आणि तिची नजर माझ्यावर थांबली.

“बाई, तेवडं खाली जा. बायांना सांगा, रडायला या म्हनावं.”

मी उतरले. माझे कपडे ओले होते, कोपर सोलवटलं होतं. पहिल्याच घराच्या दारात एक म्हातारी रिकाम्या हंड्याला टेकून बसली होती. मी तिला सांगितलं, मावशीने रडायला बोलावलंय.

“कोन गेलं?” तिने विचारलं.

मी त्या मुलीचं नाव सांगितलं. म्हातारीने पुढे काही विचारलं नाही. तिने हंडा बाजूला सारला, शेजारच्या दाराकडे तोंड करून हाक दिली, आणि एकेका घरातून बाया उठून गुहेकडे चालू लागल्या.